शून्याजवळ अडलेला वर्ग

तोफ शाळेत आली ती थेट शेतातून. हाताला कांद्याची माती, खुरपं तसंच कमरेला खोचलेलं. तिला नाव होतं, पण गावात ते कुणी घेत नसे. तिनं बांधावरून हाक मारली की चौथ्या शेतातली माणसं मान वर करून बघायची, म्हणून ती तोफ. आज मात्र ती हळू आवाजात बोलली, आणि तेच जास्त वाईट होतं.

"बाई, जरा बाहेर येता का?"

बाई वर्गात जमिनीवर बसल्या होत्या. भोवती सहावीची पोरं कोंडाळं करून बसलेली आणि मध्ये वाळक्या काड्यांचा ढीग. काही काड्यांना सुतळी बांधून दहा-दहाचे गठ्ठे केलेले. दहा गठ्ठे एकत्र बांधून शंभराचा एक मोठा भारा. तोफेची थोरली भिंतीला टेकून बसली होती. ती वर्गात कधी तोंड उघडत नसे, म्हणून पोरांनी तिचं नाव 'गुपचूप' पाडलं होतं. आईला दारात बघून तिनं मान आणखी खाली घातली.

"इथंच बोला की," बाई म्हणाल्या. गुडघे आखडले होते, उठायचं जिवावर आलं होतं.

"मग इथंच बोलते. माझी पोरगी सहावीत आहे ना?"

"आहे."

"मग ती काड्या कशाला मोजतेय? तिचा धाकटा पहिलीत आहे, तो काड्या मोजतो. काल दोघं शेजारी बसून एकच अभ्यास करत होते. शेजारीण बघून हसायला लागली. म्हणाली, तुझी थोरली वरून खाली शिकतेय वाटतं."

पोरं खिदळली. बाईंनी नुसतं बघितलं तशी गप्प झाली. मग त्या भिंतीला हात लावून उठल्या आणि तोफेला घेऊन ओसरीत आल्या.

बाहेर कोरडा वारा सुटला होता. कांद्याची वाळलेली पात मैदानात उडत होती. काढणीच्या दिवसांत सगळ्या गावाला तोच एक वास असायचा. कपड्यांना, भिंतींना, वर्गातल्या फळ्यालासुद्धा.

"बाई, दरवर्षी काढणीला मी पोरीला शेतात नेते," तोफ म्हणाली. "सगळेच नेतात. यंदा नाही नेली. म्हटलं, सहावी आहे, परीक्षा आहे, शाळेत जाऊ दे. दोन हात कमी घेऊन कांदा काढतेय मी. कंबर धरलीय. आणि तुम्ही तिला काड्या देऊन बसवता."

बाईंनी पदराला अडकलेली काडी काढली.

"मला अभ्यासातलं काही कळत नाही," तोफ पुढे म्हणाली. "पण पुढे जायचं असतं एवढं कळतं. मी तीन वर्षं शाळेत गेले. तिसऱ्या वर्षीही पहिल्या दिवशीसारखीच बसलेली होते, फळ्याकडे बघत. मग घरच्यांनी काढलं. पोरीचं तसं व्हायला नको."

"तसं होऊ नये म्हणूनच मागे आणलंय तिला," बाई म्हणाल्या. "थोडे दिवस द्या मला, ताई."

"दिवस कुठले द्यायचे? कांदा जास्त दिवस जमिनीत ठेवला तर सडतो."

एवढं बोलून ती गेली. बाई ओसरीच्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या. गावात जो येई तो त्यांना शेतीतलं काहीतरी ऐकवून जाई. कुणी पेरणीचं, कुणी नांगरटीचं. त्या सगळ्याचा आता कंटाळा आला होता. त्यांच्या स्वतःच्या घरी शेत होतं, गाय होती, गुडघे धरलेली सासू होती. शेतीचं त्यांना कुणी नव्यानं सांगायला नको होतं.

झालं होतं असं. सहावी-सातवीला शिकवणारे मास्तर उन्हाळ्यात बदलून गेले आणि वर्ग बाईंच्या गळ्यात पडला. सुरुवातीचे महिने त्यांनी पुस्तकाप्रमाणे शिकवलं. धडा झाला की पुढचा धडा. पोरं शहाण्यासारखी बसायची, फळ्यावरचं उतरवून घ्यायची, विचारलं की एका सुरात उत्तर द्यायची. बाईंनाही बरं वाटायचं. मग अपूर्णांकांची बेरीज आली. बाईंनी फळ्यावर लिहिलं, एक छेद दोन अधिक एक छेद तीन. अख्खा वर्ग म्हणाला, दोन छेद पाच.

चुकलं होतं, आणि सगळ्यांचं एकसारखं चुकलं होतं. वरच्यात वरचा मिळवला, खालच्यात खालचा.

बाईंनी विचारलं, "बरं, एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश?"

"एक चतुर्थांश," वर्ग म्हणाला.

"का?"

"तीनापेक्षा चार मोठा आहे, बाई."

मग बाईंनी भागाकार घातला. पोरांनी रीत बरोबर मांडली आणि मध्ये वजाबाकी चुकली. म्हणून वजाबाकी घातली. पाचशे दोनमधून एकशे अठ्ठ्याहत्तर वजा करा. वह्या बघत त्या रांगेतून फिरल्या. जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं होतं, चारशे शहात्तर. त्यांना वाटलं पोरांनी एकमेकांचं बघून लिहिलं. पण पहिल्या रांगेतल्या एका पोरानं समजावून सांगितलं, आणि तेही अगदी प्रेमानं, जणू बाईंनाच येत नाही.

"दोनातून आठ जात नाहीत ना, बाई, म्हणून आठातून दोन काढले. शून्यातून सात जात नाहीत, म्हणून सातातून शून्य."

त्या दिवशी बाई घरी गेल्या त्या डोकं धरूनच. अपूर्णांकाच्या खाली भागाकार कच्चा, भागाकाराच्या खाली वजाबाकी कच्ची. खाली खाली उतरत गेलं तर कुठे पाय टेकेल तेच कळेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तक मिटलं आणि काड्या आणल्या.

आणि कारणही त्यांना हळूहळू कळलं. हातचा घेऊन वजाबाकी करायचा धडा तिसरीच्या पुस्तकात जिथे येतो, तिथेच दरवर्षी कांद्याची काढणी येते. पोरं आईबापांबरोबर शेतात जातात. ती परत येतात तेव्हा पुस्तक गुणाकारावर गेलेलं असतं. वरच्या वर्गातल्या जवळजवळ प्रत्येक पोराचं एकाच जागी भोक पडलेलं होतं, आणि वरून तीन वर्षांचे धडे थापलेले.

तोफ गेल्यावर दुपारी मुख्य गुरुजींनी बाईंना बोलावलं. गुरुजींची नोकरी संपत आली होती. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, आणि भिंतीवर वर्षाच्या नियोजनाचा मोठा कागद, कोणत्या आठवड्यात कोणता धडा ते आखून दिलेलं. गुरुजींनी चहा पुढे सरकवला.

"ओरडून गेली का?"

"ओरडली असती तर बरं होतं," बाई म्हणाल्या.

"बसा. बाई, मी स्पष्टच सांगतो. वर्षाच्या शेवटी वरून परीक्षा येणार. निकाल कमी लागला तर सहावी-सातवी इथली बंद. पोरं ओढ्यापलीकडच्या मोठ्या शाळेत जातील. पोरगे जातील. पोरींना कोण पाठवणार एवढ्या लांब? तुम्ही पुस्तक संपवा."

"पुस्तक संपलं तर पोरांना येईल का?"

"ते मी म्हणतच नाही. पुस्तक संपलेलं असलं की आपल्याला कुणी बोलत नाही."

"तिसरीला यांना कोण होतं, गुरुजी?"

गुरुजींनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"मी होतो. काढणीच्या दिवसांत वर्गात चार पोरं असायची. त्या चौघांना शिकवायचं की भिंतींना? शिकवलं चौघांना. नियोजनात धडा झाला म्हणून लिहिलं. झालाच होता तो. दुसरं काय करणार होतो?"

चहा पिऊन बाई उठल्या. दाराशी गेल्यावर गुरुजी मागून म्हणाले, "काड्या किती दिवस चालणार?"

"पाय टेकेपर्यंत."

"लवकर टेकवा," गुरुजी म्हणाले, आणि त्यात राग नव्हता, नुसता थकवा होता.

संध्याकाळी बाई नवऱ्याबरोबर शेतात कांदे गोळा करत होत्या. पात कापायची, कांदा एका बाजूला टाकायचा. बोटं हिरवी-काळी झाली होती. नवरा कमी बोलायचा, पण बायकोचा चेहरा वाचायचा.

"काय झालं आज?"

बाईंनी सगळं सांगितलं. तो ऐकत पात कापत राहिला.

"आपलं बरं आहे," शेवटी तो म्हणाला. "कांदा मधेच उठून म्हणत नाही, मला कळलं नाही म्हणून."

"पोरं तरी कुठे म्हणतात? म्हटलं असतं तर तिसरीतच म्हटलं असतं. तेच तर दुखणं आहे."

"मग विचार की."

"विचारते. सगळे कळलं म्हणतात."

तो हसला. बाईंनाही हसू आलं, पण हसायला लागल्यावर खोकला आला, आणि मग त्या नुसत्याच पात कापत बसल्या.

गुरुजींचं बोलणं मात्र डोक्यात बसलं होतं. लवकर टेकवा. म्हणून दुसऱ्या दिवशी बाईंनी घाई केली. पोरांना आता गठ्ठा सोडून सुट्या काड्या करता येत होत्या. बावन्नातून अठरा काढता येत होते. बाईंना वाटलं, येतंय तर मग उडी मारू. त्यांनी पोरांच्या टोळ्या केल्या आणि प्रत्येकीपुढे थेट पाचशे दोन मांडले. पाच मोठे भारे, दोन सुट्या काड्या, आणि मध्ये काहीच नाही.

"यातून एकशे अठ्ठ्याहत्तर काढा."

वर्ग बघत राहिला. आठ सुट्या हव्यात, आहेत दोन. मग दहाचा गठ्ठा सोडायचा. पण दहाचा गठ्ठा आहेच कुठे? शेजारच्या टोळीजवळ आधीचा एक गठ्ठा पडला होता, तो एका पोरानं उचलला. त्यावरून मारामारी झाली. भारे सुटले, काड्या सगळ्या खोलीभर झाल्या. एक पोरगं रडायला लागलं. बाईंचा आवाज चढला, आणि तो चढलेला ऐकून त्यांनाच कसंतरी झालं. सुट्टीची घंटा होईपर्यंत सगळे नुसते काड्या वेचत होते. तो अख्खा दिवस मातीत गेला.

शाळा सुटल्यावर बाई त्या पसाऱ्यात एकट्याच बसल्या. पोरांचं कुठे चुकलं ते शोधता शोधता लक्षात आलं की चुकलं आपलंच. बावन्न आणि पाचशे दोन यांच्या मध्ये आणखी दोन-तीन पायऱ्या होत्या आणि त्या आपण गिळून टाकल्या. आपल्याला त्या दिसतच नव्हत्या, कारण आपण त्या लहानपणीच कधीतरी चढून गेलो.

मग त्यांनी पायऱ्या मोजून काढल्या. आधी तीन अंकी संख्या, मध्ये गठ्ठे भरपूर, काही सोडायलाच लागू नये अशी. मग फक्त दहाचा गठ्ठा सोडावा लागेल अशी. मग फक्त शंभराचा भारा सोडावा लागेल अशी. मग दोन्ही. मग नुसतं शून्य वाचायचं. चारशे सात म्हणजे काय काय आहे आणि काय नाही. पोरांकडून भारे मांडून घ्यायचे आणि विचारायचं, इथं काय नाहीये? पोरं म्हणायची, दहाचे गठ्ठे नाहीयेत. हे नुसतं म्हणायलासुद्धा वेळ लागला. शून्य म्हणजे काहीच नाही, एवढंच त्यांना माहीत होतं. काय नाही ते त्यांना कधी कुणी विचारलंच नव्हतं.

आणि मग एका सकाळी पुन्हा पाचशे दोन.

वर्ग पुन्हा अडला. पण या वेळी कुणी दुसऱ्याचे गठ्ठे उचलले नाहीत. बघत बसले. बाईही गप्प बसल्या. उत्तर ओठांवर आलं होतं, ते आत ठेवणं त्यांना फार जड गेलं. बाहेर गुरुजी फेऱ्या मारत होते, त्यांची सावली दारातून दोनदा गेली.

तोफेची थोरली, ती गुपचूप, भिंतीपासून पुढे सरकली. तिनं एक मोठा भारा ओढून मांडीवर घेतला.

"हा सोडला तर?" ती म्हणाली.

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. तिचा आवाज कितीतरी पोरांनी पहिल्यांदाच ऐकला असेल.

"सोड की," बाई म्हणाल्या.

तिनं सुतळी सोडली. आतून दहाचे दहा गठ्ठे निघाले. ते तिनं मधल्या रिकाम्या जागी ओळीनं ठेवले. मग त्यातला एक उचलला आणि तोही सोडला. दहा काड्या दोन काड्यांत मिसळल्या.

"आता बारा झाल्या. आठ जातील," ती म्हणाली. मग मधल्या गठ्ठ्यांवर बोट ठेवत गेली आणि थबकली. "इथं नऊ राहिले."

मागच्या रांगेतला एक पोरगा एकदम गुडघ्यांवर उभा राहिला. "बाई, मास्तर शून्यावर नऊ लिहायला लावायचे. तो नऊ हा?"

"तोच."

"मला वाटायचं ते उगीच लिहायचं असतं."

तीनशे चोवीस. सगळ्या टोळ्यांनी एकामागून एक काढले. बाईंनी फळ्यावर तेच गणित मांडलं, आणि प्रत्येक आकडा लिहिण्याआधी विचारलं, आता काय सोडलं? पोरं सांगत गेली. गुरुजी दारात उभे होते. ते आत आले, धोतराचा सोगा वर घेऊन खाली बसले, आणि ज्या टोळीला अजून जमत नव्हतं त्यांच्यासमोर भारा ठेवला. त्या दिवसापासून रोज एक तास ते बसायला लागले.

त्यानंतरचे दिवस बाईंना नीट आठवतही नाहीत, इतके ते एकासारखे एक गेले. पहाटे गाय, स्वयंपाक, सासूच्या गुडघ्यांना तेल. मग शाळा. वजाबाकी सावरली तसा भागाकार. वीस काड्या चौघांत वाटा. मग तेवीस वाटा, उरतात त्यांचं काय करायचं? मग जुन्या वर्तमानपत्राच्या लांब पट्ट्या. पट्टी दुमडून अर्धी, पुन्हा दुमडून पाव. शेजारी ठेवून बघा, कोणती मोठी. पोरं पट्ट्या एकमेकांवर ठेवून भांडायची, आणि बाई डोळे मिटून ते भांडण ऐकायच्या. शाळा सुटली की शेत, आणि अंथरुणाला पाठ टेकली की सकाळ.

एकदा विहिरीवर तोफ भेटली. बाईंनी ओळखीचं हसून बघितलं. तोफेनं घागर भरली, उचलली, मग खाली ठेवली.

"परवा पोरगी धाकट्याला शिकवत होती," ती म्हणाली. "मी कणीक मळत बसले होते. ऐकलं तिचं. गठ्ठ्यांचं."

"मग?"

"मलाही कळलं," तोफ म्हणाली. आणि घागर डोक्यावर घेऊन गेली, मागे न बघता.

परीक्षा आली तोवर वर्ग समान छेदांच्या बेरजेपर्यंत पोचला होता. भिन्न छेदांचं नुकतं सुरू झालेलं. पुढचे तीन धडे उघडलेसुद्धा नव्हते. बाईंना वाटत होतं, प्रश्नपत्रिका सगळ्या पुस्तकावर असेल, थोडं मागचं, थोडं पुढचं. पाकीट फुटलं, त्यांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला. अर्ध्याहून जास्त गणितं शेवटच्या तीन धड्यांवरची.

पोरांनी जेवढं येत होतं तेवढं सोडवलं. बाकी जागा कोरी. पूर्वी अशा जागी पोरं काहीतरी आकडे लिहून ठेवायची. या वेळी कुणी लिहिले नाहीत. जे येत नाही ते येत नाही म्हणून सोडून दिलं. तपासून आलेले कागद बाईंनी बघितले तेव्हा सोडवलेलं जवळजवळ सगळं बरोबर होतं. पण गुण बरोबर-चुकीच्या हिशेबानं नसतात, पूर्ण कागदाचे असतात. वर्ग थोडक्यात खाली राहिला. पलीकडच्या एका शाळेनं पुस्तक वेळेत संपवलं म्हणून तिचं कौतुक झालं.

सहावी-सातवी बंद झाली.

गुरुजींनी ते वर्गात येऊन सांगितलं नाही. बाईंना खोलीत बोलावलं. चहा नव्हता त्या दिवशी.

"आणखी एक आहे," ते म्हणाले, आणि एक कागद पुढे केला. "निकाल कमी लागलेल्या शिक्षकांना प्रशिक्षण लावलंय. तालुक्याला जायचंय तुम्हाला."

"कशाचं प्रशिक्षण?"

गुरुजींनी कागदाकडे बघितलं, मग खिडकीकडे. "पाठाची मांडणी. सोप्याकडून कठिणाकडे."

बाई हसल्या नाहीत. रडल्याही नाहीत. नुसतं खुर्चीत बसून घेतलं.

"मी म्हटलं माझंही नाव घाला," गुरुजी म्हणाले. "ते म्हणाले, तुम्ही आता निवृत्त होताय, तुमच्यावर कशाला खर्च."

प्रशिक्षणाचा हॉल मोठा होता. वर पंखा कुरकुरत होता. बाई मागच्या बाकावर बसल्या. शिकवणारा तरुण होता, इस्त्रीचे कपडे, स्वच्छ अक्षर. त्यानं फळ्यावर लिहिलं, सोप्याकडून कठिणाकडे. त्याखाली, ज्ञाताकडून अज्ञाताकडे. तो बोलायला लागला. चांगलं बोलत होता, खोटं काही नव्हतं त्यात. पण बाईंना कितीतरी महिन्यांत अशी निवांत खुर्ची मिळाली नव्हती. समोर काड्या नाहीत, गाय नाही, कांदा नाही. त्यांचा डोळा लागला.

कुणीतरी खांदा हलवला. शिकवणारा जवळ येऊन उभा होता. रागावला नव्हता तो.

"बाई, दमलात का?"

"हो," बाई म्हणाल्या. "माफ करा."

"असू दे. मी विचारत होतो, हे तुम्ही तुमच्या वर्गात कधी करून बघितलंय का?"

"बघितलंय."

"मग काय झालं?"

"वर्ग बंद झाला."

हॉल हसला. बाईंनी हसवायला म्हटलं नव्हतं, त्यांनी नुसतं जे झालं ते सांगितलं होतं. तो तरुणही हसला, पण मग त्याचं हसू अर्ध्यावर थांबलं. त्याला काहीतरी विचारायचं होतं असं दिसलं. त्यानं घड्याळाकडे बघितलं.

"यावर आपण नंतर बोलू," तो म्हणाला. "आपल्याला अजून बरेच मुद्दे संपवायचे आहेत."

नंतर काही ते बोलणं झालं नाही.

नव्या वर्षी बाईंना कोणता वर्ग हवा ते विचारलं, तेव्हा त्यांनी तिसरी मागितली. नवे मुख्य गुरुजी चकित झाले. वरचे वर्ग शिकवलेली बाई खालचा वर्ग मागते, असं त्यांनी बघितलं नव्हतं. पुढे त्यांना आणखी एक दिसलं. भिंतीवरच्या नियोजनात वजाबाकी जिथे होती, त्याच्या बरंच आधी बाईंनी ती सुरू केली होती.

"हे मागेपुढे का केलंत?" त्यांनी विचारलं.

"काढणी पुढे ढकलता येत नाही," बाई म्हणाल्या. "धडा अलीकडे आणता येतो."

"वरून कुणी विचारलं तर?"

"माझं नाव सांगा. मी तिकडे दमलेली म्हणून माहीत आहे."

आणि काढणीच्या तोंडावर एका संध्याकाळी बाई स्वतःच्या शेतात निंदायला बसल्या होत्या. जमीन भेगाळून कडक झाली होती, खुरपं नीट जात नव्हतं. बांधापलीकडे तोफ होती. वर्षभर दोघींचं फारसं बोलणं झालं नव्हतं. वर्ग बंद झाल्याचं तोफेनं कुणाच्या डोक्यावर फोडलं नाही, पण ती त्यावर बोललीही नाही. पोरींना मात्र तिनं घरी बसू दिलं नव्हतं. चार-पाच आयांना गोळा करून पाळ्या लावल्या होत्या. रोज एक आई पोरींना ओढ्यापलीकडे पोचवायची, दुसरी आणायला जायची. आज तिची पाळी होती. ती आत्ताच परत आली होती, आणि पाय अजून ओले होते.

"बाई," ती बांधावर येऊन म्हणाली. "तिकडच्या मास्तरणीनं आज मला थांबवलं."

बाईंचं खुरपं थांबलं. "काय म्हणाल्या?"

"म्हणाली, तुमच्या पोरीनं भर वर्गात उठून सांगितलं, मला वेगवेगळ्या छेदांपर्यंत येतं, त्याच्या पुढचं येत नाही. तुम्ही जे शिकवताय ते त्याच्याही पुढचं आहे." तोफेनं पदरानं तोंड पुसलं. "मास्तरीण म्हणाली, असं सांगणारं पोर मी पहिल्यांदाच बघितलं."

"कौतुकानं म्हणाली की तक्रार केली?"

"तेच मला कळलं नाही. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिलाही ठरवता येत नव्हतं बहुतेक."

वाऱ्यानं पात सळसळली. पलीकडे नवरा बैल सोडत होता.

"मग तिनं काय केलं?" बाईंनी विचारलं.

"कोणी? मास्तरणीनं? काय करणार. पोरगी उभीच होती म्हणे. बसली नाही." तोफ बांधावर टेकली आणि ओले पाय चोळायला लागली. "मास्तरीण तिथून शिकवायला लागली मग. पोरीला जिथपर्यंत येत होतं, तिथून. बाकीच्यांनाही येत नव्हतंच, ते गप्प बसले होते एवढंच."

नवऱ्यानं लांबून हाक मारली, चल, अंधार पडेल. बाईंनी हात वर करून थांब म्हटलं. उरलेली सरी अर्धी राहिली होती. तोफेनं कमरेचं खुरपं काढलं, बांध ओलांडून अलीकडे आली आणि न विचारता दुसऱ्या टोकापासून निंदायला बसली.